गुडघेवाल्या बाया मोडत नाहीत

सकाळी उठल्यावर मी आधी फरशी पाहते, मग देव. हे बरं नाही हे मला कळतं, पण गेल्या दोन वर्षांत माझं असंच झालं आहे. न्हाणीपुढे पाणी सांडलंय का, उंबऱ्याशी कुणी चप्पल काढून ठेवली आहे का, शिलाई मशीनखाली चिंधी पडली आहे का, हे सगळं पाहून झाल्याशिवाय मी चुलीकडे वळत नाही. नवरा एकदा वावरातून ओल्या पायांनी थेट आत आला, तेव्हा मी त्याला असं काही बोलले की तो दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होता. मला पडण्याची भीती वाटते हे त्याला माहीत आहे. दुसरी भीती त्याला मी कधी सांगितली नाही. त्याच्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं त्यात माझा हात होता, आणि हे त्या म्हातारीला एक दिवस कळेल, ही ती भीती.

आमचं गाव यवतमाळकडचं, बोरी अरबपासून थोडं आत. कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारी घरं आणि त्या घरांतल्या बाया, ज्यांचं अर्धं आयुष्य वाकण्यात गेलेलं. आमच्या आळीत बायांचे दोन प्रकार मानले जायचे, झिजणाऱ्या आणि मोडणाऱ्या. मोडणारी म्हणजे वाळकी, बारीक मनगटाची बाई. शेजारच्या काकू तशा होत्या. त्यांचं आधी मनगट मोडलं, मग खुबा, आणि होळीपासून पावसाळ्यापर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पाठीला जखमा झाल्या. पोळ्याच्या आधी गेल्या. झिजणारी म्हणजे आमच्या सासूबाई. अंगाने भरलेल्या, पाय गुडघ्यांतून बाहेर वाकलेले, चालताना दोन्ही बाजूंना झुलणाऱ्या. जिना चढताना हजार वेळा आई गं म्हणतील, पण गुडघेवाल्या बाया मोडत नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

हे ठरवायला एक डॉक्टरही कारणीभूत होता. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने सासूबाईंच्या गुडघ्यांचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "आजी, हाड जाड आहे तुमचं. गुडघ्यातली गादी तेवढी झिजली. बसून राहू नका, चालत राहा." यातलं पहिलं वाक्य सासूबाई घरी घेऊन आल्या आणि गावभर वाटलं. तिसरं वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे जे झालं त्यात ते वाक्य कामी आलं, वाईट अर्थाने.

मी ब्लाऊज शिवते. पायाने चालवायची मशीन आहे, तीस वर्षांची. पंचेचाळिशी उलटली तसे माझेही गुडघे कुरकुरायला लागले. वाईट वाटलं, पण खरं सांगते, आत कुठेतरी बरंही वाटलं. चला, म्हटलं, आपणही झिजणाऱ्यांतल्या, शेजारच्या काकूंसारखं भिंतीकडे तोंड करून मरण नाही. सासूबाईंना तर माझ्या गुडघ्यांचं कौतुकच वाटायचं. मी मशीनवरून उठले की ओसरीवरून हमखास विचारायच्या, "हे तुही मशीन वाजून राह्यली का गुडघा वं?"

"दोन्ही, आई," मी म्हणायची. "तुमचा वारसा हाय."

"जप मंग. सोनं तं काई नाई देल्लं तुले."

आम्ही दोघी हसायचो. दुखण्यावर हसता येत होतं असे ते दिवस होते.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी झाली आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, एकदम फुटली. वावर पांढरं दिसायला लागलं. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. वावरात सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तोच दहीभात पऱ्हाटीवर शिंपडायचा, मग पहिला कापूस वेचायचा. आमच्या घरात हे थोरल्या बाईने करायचं असतं. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी करत होत्या, एक वर्ष चुकवलं नव्हतं. त्या वर्षी सोमवार ठरला.

त्याच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, सासूबाई न्हाणीत होत्या. माझ्यासमोर ब्लाऊजांचा ढीग होता. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू, आणि प्रत्येकीला आपलाच आधी हवा. मी बाही लावत होते. तोंडात टाचण्या होत्या. न्हाणीतून बादली आपटल्याचा आवाज आला आणि त्या आवाजाच्या मागोमाग दुसरा एक, जड आवाज. मी पाय थांबवला. मशीन थांबली. कान दिला. हाक आली नाही, कण्हणं आलं नाही. मी पुन्हा पाय मारला आणि बाही पुरी केली.

त्या वेळी मी "आई" म्हणून एक हाक मारायला हवी होती. तोंडात टाचण्या होत्या म्हणून मारली नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. टाचण्या थुंकायला किती वेळ लागतो?

बऱ्याच वेळाने सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाल्या, "गुडघा धरला आज."

मी विचारलं नाही की पडल्या का. त्यांनी सांगितलं नाही. आता वाटतं, आम्ही दोघींनी मिळून ते पडणं न्हाणीतच ठेवून दिलं. त्यांना शेजारच्या काकू आठवत असणार. मला तर ब्लाऊजच आठवत होते.

चार दिवस मी गुडघ्याची सेवा केली. तेल कोमट करून चोळलं, मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, पट्टी बांधली. दुखत होतं गुडघ्यातच, त्या गुडघ्यावरच हात ठेवायच्या. एकदा मात्र म्हणाल्या, "इथं जांघेत कळ निघते वं, पाय टेकला का."

"नस असंल गुडघ्याची, वरपर्यंत जाते," मी म्हणाले. मी काय डॉक्टर होते? पण मी असं ठामपणे म्हणाले की त्याही गप्प बसल्या. काठी घेऊन, पाय ओढत त्या न्हाणीपर्यंत जात होत्या. चालता येतं म्हणजे मोडलेलं नाही, एवढं शहाणपण आमच्या सगळ्यांकडे होतं.

रविवारी जेवताना नवरा म्हणाला, "आई, तू राहू दे उद्या. तुही सून करंल सीतादही."

सासूबाई काही बोलायच्या आत मी बोलले. "कायले राहू दे? बसून राह्यलं का गुडघा आणखी धरते. डॉक्टरनंच सांगतलं हाय, चालत राहा म्हणून. चालल्यानं मोकळा होते."

हे मी का म्हणाले, ते लिहायचं ठरवलंच आहे तर पूर्ण लिहिते. एक तर मला भीती वाटत होती, त्या आता बसल्या तर उठणार नाहीत आणि शेजारच्या काकूंची सगळी गोष्ट आमच्या घरात होईल. आणि दुसरं, मला कंटाळा आला होता. चार दिवस हातात चहा, हातात पाणी, मध्येच मशीन सोडून उठणं. माझेही गुडघे दुखतात की, असं मनात यायचं. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "येतो मी. दर वर्षी मीच करतो."

ऑटो वावराच्या तोंडापर्यंत गेला. तिथून आत पन्नास-साठ पावलं. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, असं मी त्यांना नेलं. त्यांचा पंजा माझ्या खांद्यात रुतत होता. प्रत्येक पावलाला त्या नाकातून श्वास सोडत होत्या आणि मी म्हणत होते, "बस, झालं, आलंच. मोकळा होऊन राह्यला ना?" त्या "हो" म्हणत होत्या.

खाली बसणं त्यांना कधीचंच जमत नव्हतं, म्हणून मी घरून प्लास्टिकची खुर्ची आणली होती. त्यांनी खुर्चीतून वाकून खडे मांडले, कुंकू लावलं, दहीभात शिंपडला. पहिलं बोंड वेचून माझ्या ओटीत टाकलं. वेचणाऱ्या बाया बाजूला उभ्या होत्या, कुणीतरी गाणं धरलं. सासूबाईंच्या कपाळावर घाम होता, पण त्या हसल्या. मला वाटलं, बघा, मी बरोबर होते.

परत निघालो. वावर आणि रस्ता यांच्यामध्ये धुरा आहे, मातीचा बांध, वीतभर उंच. जाताना आम्ही तो कसाबसा ओलांडला होता. येताना त्यांनी चांगला पाय वर टाकला, मग दुसऱ्या पायावर भार आला, आणि मी तो आवाज ऐकला. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. त्या माझ्या हातातून निसटून खाली गेल्या. मी धरलं होतं, पण मला आवरल्या नाहीत.

त्या किंचाळल्या नाहीत. त्यांचा उजवा पाय आडवा पडला होता, पंजा पूर्ण बाहेर वळलेला, आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. सासूबाईंनी मान उचलून त्याच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माय वं, हा पाय माहा नाई."

मी आजवर एवढी भ्यालेली नाही. बाळंतपणात नाही, बाप गेला तेव्हा नाही. मी मूर्खासारखी त्यांच्या गुडघ्यावरची पट्टी सोडवत बसले होते. वेचणाऱ्या बायांनी कापूस बांधायची चादर आणली, चौघींनी चार कोपरे धरले आणि त्यांना रस्त्यावर नेलं. कापसाच्या टेम्पोत घालून आम्ही यवतमाळ गाठलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्यांचा आवाज निघायचा आणि मी कानांवर हात ठेवायची. त्यांचा हात धरायचा सोडून स्वतःचे कान धरत होते.

यवतमाळला एका खासगी दवाखान्यात डॉक्टरने फोटो काढला. तरुण होता, चिडका होता. त्याने फोटो पाहिला, मग पुन्हा जवळून पाहिला. "खुबा मोडलाय," तो म्हणाला. "पण हे सगळं आजचं नाही. इथं आधीच तडा गेलेला दिसतो, तीन-चार दिवसांचा. हाड हाडात रुतून बसलं होतं म्हणून चालता आलं असेल. त्याच्यावर चालवलंय यांना. आधी पडल्या होत्या का?"

"नाई जी," नवरा म्हणाला. "गुडघा दुखत होता फक्त."

"खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं पुष्कळदा. जांघेत कळ येते म्हणाल्या होत्या?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सासूबाई स्ट्रेचरवर डोळे मिटून होत्या. मी मान हलवली. नाही, अशी. एकदा खोटं बोलले ते असं, तोंड न उघडता.

मग मी विचारलं, कारण मला काहीतरी बोलायचं होतं, "पण डॉक्टर, यांचं हाड जाड होतं ना? गुडघेवाल्या बायांचं मोडत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?" त्याने फोटोवर बोट ठेवलं. "सांध्याजवळ हाड घट्ट होतं, वाढतं, ते फोटोत दणकट दिसतं. तेवढ्यावरून सगळं शरीर दणकट ठरत नाही. आणि समजा हाड बरं असलं, तरी गुडघा झिजलेली बाई पडते किती वेळा? गुडघा ऐन वेळी दगा देतो, मांडीत जोर राहत नाही, तोल जातो. दुखतं म्हणून ती घराबाहेर निघत नाही, ऊन लागत नाही, हालचाल कमी, हाड आणखी कमजोर. वय झालं की दोन्ही दुखणी एकाच बाईत असू शकतात ना? झिजलेली बाई मोडते. उलट तिला जास्त जपायचं असतं."

आमच्या आळीचा सगळा हिशेब चुकला होता. मी ज्या बाजूला उभी राहून सुरक्षित समजत होते, ती बाजूच नव्हती.

ऑपरेशन दोन दिवसांनी झालं, कारण आधी रक्तदाब खाली येईना. ते दोन दिवस मी दवाखान्याच्या बाकावर बसून एकच विचार करत होते. या मेल्या तर मी मारलं. आणि जगल्या आणि काकूंसारख्या पडून राहिल्या, तरी मीच. कुणी चहा आणून दिला की तो तसाच गार व्हायचा. नवरा म्हणायचा, "तू कायले एवढी भेऊन राह्यली, होते सगळं नीट." त्याला सांगावं असं वाटायचं आणि मी ऑपरेशनच्या खर्चाचं विचारायची.

सासूबाई जगल्या. पाय थोडा आखूड राहिला. पहिल्यांदा वॉकर धरून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांना कापरं भरलं होतं आणि मी मागे हात पसरून उभी होते. वीस पावलं चालायला त्यांना तीन महिने लागले. सगळं मी केलं. अंघोळ, कपडे, शौचाचं भांडं, मालिश, दुपारी उन्हात बसवणं. न्हाणीत रबरी चटई घातली, भिंतीला धरायला पाइप बसवून घेतला. लोक येऊन म्हणायचे, सून असावी तर अशी. मला ते ऐकवायचं नाही. मी उठून आत जायची आणि उगाच भांडी वाजवायची.

सासूबाई त्या गुरुवारबद्दल कधी बोलल्या नाहीत. मी वाट पाहायची. त्या कधी नुसतं "तुले एक विचारू?" म्हणाल्या तरी मी हातातलं काम खाली ठेवायची, आणि निघायचं ते भाजीत मीठ कमी का. पुढच्या दोन्ही वर्षी सीतादही मी केलं. धुरा ओलांडताना मी दोन्ही हात टेकून, लहान मुलासारखी ओलांडते. वेचणाऱ्या बाया हसतात. हसू देत.

आणि मग गेल्या महिन्यातला तो दिवस. अकरा वाजले असतील. सासूबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी मशीनवर होते. दोरा संपला म्हणून उठले, पाऊल टाकलं, आणि उजवा गुडघा नव्हताच. म्हणजे होता, पण माझा भार घ्यायला तिथे नव्हता. मी कुशीवर पडले, स्टूल माझ्याबरोबर आडवं झालं आणि फरशीवर धाडकन वाजलं.

पहिल्या क्षणी दुखलं नाही, फक्त भीती आली, पायांपासून वर चढत. मग जांघेत कळ निघाली. जांघेत. मी पायाकडे पाहायला घाबरत होते. तो आडवा वळला असेल तर? आखूड दिसला तर? आणि लाजेने सांगते, त्याही वेळी माझ्या मनात पहिला शब्द आला तो, काही नाही, गुडघा धरला. चटकन उठावं, स्टूल सरळ करावं, कुणाला कळू नये. मी तळहात फरशीवर टेकवला आणि जोर घ्यायला लागले.

ओसरीवर शेंगांची परात थांबली. मग वॉकरचा आवाज सुरू झाला. टक, टक, मग पाय ओढल्याचा, पुन्हा टक, टक.

"येऊ नका आई!" मी ओरडले. "चिंध्या हाय खाली! पडसाल!"

टक, टक. मला स्वतःचा पाय विसरायला झाला. ती म्हातारी आता माझ्यासाठी उंबरा ओलांडणार, चिंधीवर वॉकर सरकणार, दुसरा खुबा जाणार, आणि याही वेळी कारण मीच. "काही नाई झालं मले," मी रडायला लागले. "स्टूल पडलं नुसतं. गुडघा धरला. उठून राह्यली मी."

त्या दारात आल्या. वॉकर उंबऱ्याच्या अलीकडेच घट्ट रोवला आणि तिथेच थांबल्या. आत आल्या नाहीत. मला इतकी शहाणी म्हातारी पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

"उठू नको," त्या म्हणाल्या.

"आई, खरंच काही..."

"उठशीन तं वॉकर फेकून मारीन. हलायचं नाई. मी आवाज ऐकला."

मी तळहात फरशीवरून काढला. आडवी झाले. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तूनंही ऐकला होता ना, बादलीचा?"

दोन वर्षं ज्या वाक्याला मी घाबरत होते, ते असं आलं. माझ्याकडे टाचण्या नव्हत्या, मशीन नव्हती, डॉक्टर नव्हता. मी फरशीवर पडून "हो" म्हणाले.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "मशीन थांबली होती. मी न्हाणीत खाली पडून ऐकून राह्यली होती. वाटलं, आता येते. मंग मशीन पुन्हा चालू झाली." मग म्हणाल्या, "मंग मलेही लाज वाटली हाक माराले."

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून धुऱ्यावरून जाताना माहीत होतं, दवाखान्यात मी मान हलवली तेव्हा डोळे मिटून माहीत होतं, दोन वर्षं माझ्या हातून अंघोळ करताना माहीत होतं. पुढे यवतमाळला माझा फोटो काढला, त्यात काही मोडलेलं निघालं नाही, फक्त मुका मार. पण ते संध्याकाळी कळलं. त्या क्षणी आम्हा दोघींनाही ते माहीत नव्हतं.

सासूबाईंनी एक हात वॉकरवरून काढला, चौकट धरली, रस्त्याकडे तोंड वळवलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अवं या वं कोणीतरी! माही सून पडली! पडली वं माही सून!"